एका अपात्र मतासाठी अख्खी निवडणूक मोडीत काढू नका: घटनादुरुस्ती समितीला खुले पत्र

प्रति,
घटनादुरुस्ती समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

आपल्या संस्थेच्या घटनेत बदल करण्याचा जो मसुदा तुम्ही सगळ्या सभासदांना सूचनांसाठी पाठवला आहे, त्यातली मतदानाची दोन कलमे वाचून हे पत्र लिहितो आहे. पहिले कलम म्हणते, 'मतदानात अपात्र व्यक्तीचे एकही मत पडल्याचे आढळल्यास संपूर्ण निवडणूक रद्दबातल समजण्यात येईल.' त्याच्या लगेच खाली दुसरे आहे, 'निकाल जाहीर झाल्यानंतर मतदानाबाबत कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही.' पहिले वाचून वाटते, समिती फार कडक आहे. दुसरे वाचून वाटते, समितीला कटकट नको आहे. दोन्ही एकापाठोपाठ वाचली की अर्थ असा निघतो: निकाल जाहीर व्हायच्या आधी ज्याला ओरडता आले त्याने निवडणूक उधळावी, आणि ज्याला पाच मिनिटे उशिरा कळले त्याने घरी जावे.

हे मला तुमच्यापैकी कुणाला बाजूला घेऊनही सांगता आले असते. पण गेल्या वार्षिक सभेत जे झाले ते सगळ्यांच्या देखत झाले, आणि मतमोजणीच्या टेबलावर बसलेल्या तिघांपैकी मी एक होतो. चुकीच्या आकड्यांखाली माझी सही आहे. म्हणून उघडच लिहितो.

ज्यांनी ती सभा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पेटीतून १२१ मतपत्रिका निघाल्या. चिटणीसपदाला दोन उमेदवार होते. दोन मतपत्रिका कोऱ्या निघाल्या, एकीवर काय लिहिले आहे ते आम्हा तिघांपैकी कुणालाच लागेना, उरलेल्यांत एकाला ६१ आणि दुसऱ्याला ५७. आम्ही आकडे लिहून कागद अध्यक्षांकडे देणार, तेवढ्यात दारावर सह्या घेणारा तरुण नोंदवही छातीशी धरून आला. त्याला मिळालेली यादी गेल्या वर्षीची झेरॉक्स होती. त्याने स्वतःच नव्या यादीशी ताडून पाहिली होती आणि सहा नावांपुढे पेन्सिलीने बारीक टिंबे दिली होती. टिंबे इतकी पुसट, की नोंदवही दिव्याखाली तिरकी धरावी लागली. तिघे जण वर्षभरात साध्या सभासदत्वावरून सहयोगी सभासदत्वाकडे गेलेले. त्यांना सभेला येता येते, बोलता येते, मत देता येत नाही. एकाचा राजीनामा महिन्यापूर्वीच्या कार्यकारिणीत मंजूर झालेला. दोघांची वर्गणी थकलेली. सहाही जणांनी सही करून मतपत्रिका घेतली होती आणि पेटीत टाकली होती.

पुढे जे झाले ते चांगल्या हेतूने झाले, हे मी आधीच मान्य करतो. अध्यक्षांनी सहाही जणांना पुढे बोलावले आणि म्हणाले, आपण सगळे घरचेच आहोत, तुम्हीच सांगा कुणाला मत दिलेत, तेवढी वजा करून टाकू. तिघांनी विजयी होत असलेल्याचे नाव घेतले. एकाने दुसऱ्याचे. एक बाई म्हणाल्या, मी नाही सांगणार. एक गृहस्थ नुसतेच हसले. अध्यक्षांनी ६१ मधून तीन काढली, ५७ मधून एक काढले आणि ५८ विरुद्ध ५६ असा निकाल जाहीर केला. टाळ्याही झाल्या.

या एका कृतीत किती चुका आहेत ते मला त्या रात्री घरी बसल्यावर कळत गेले.

पहिली म्हणजे गुप्त मतदान घेतल्यावर कुणालाही, अगदी अपात्र माणसालाही, तू कुणाला मत दिलेस असे विचारायचे नसते. सभ्यतेचा प्रश्न आहेच, पण त्याहून साधे कारण असे की उत्तर खरे आहे की नाही हे तपासायची सोय नसते. निकाल काय लागतो आहे हे कळल्यावर विचारलेल्या प्रश्नाला माणूस निकाल बघून उत्तर देतो. ज्याला विजेत्याला पाडायचे आहे तो म्हणेल, मी त्यालाच मत दिले होते, करा वजा. आपण त्या चार जणांच्या तोंडी सांगण्यावरून मतपेटीतले आकडे बदलले. मतपेटी मग ठेवलीच कशाला होती?

दुसरी चूक वर्गणी थकलेल्या दोघांची. ते अपात्र नव्हतेच. आपल्या घटनेत वर्गणी थकली तर सभासदाला स्मरणपत्र पाठवावे आणि सहा महिन्यांनी कार्यकारिणीने ठराव करून नाव कमी करावे एवढेच आहे. तसा ठराव झालेला नव्हता. थकबाकीदाराचा मताधिकार आपोआप जातो असे घटनेत कुठेही म्हटलेले नाही. सभाशास्त्रात यावर बरीच स्पष्टता आहे: नाव यादीतून काढलेले नाही, शिस्तभंगाखाली निलंबन नाही आणि घटना वेगळे काही सांगत नाही, तोवर थकबाकीदाराला पूर्ण मताधिकार असतो. तो काढून घ्यायचा असेल तर तसे कलम आधी लिहावे लागते, सभेच्या दिवशी खजिनदाराच्या कपाळावरच्या आठीवरून ते ठरत नाही. म्हणजे अपात्र सहा नव्हते, चार होते. तुमच्या मसुद्याच्या प्रास्ताविकातही 'सहा अपात्र मते' असेच छापले आहे. ते तरी दुरुस्त करा.

आता मुद्द्याचे. चार अपात्र माणसांची मते पेटीत गेली, ती कोणती हे ओळखता येत नाही. करायचे काय?

सभा चालवण्याच्या नियमांच्या ज्या पुस्तकाचा मी आधार घेतो ते म्हणजे 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर'. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे अमेरिकन लष्करातले इंजिनिअर. त्यांनी १८७६ साली हे नियम पहिल्यांदा छापले, आणि २०२० साली बारावी आवृत्ती निघाली. आपल्या घटनेने हे पुस्तक बंधनकारक केलेले नाही, हे मला माहीत आहे. पण जगभरच्या सभासद-संस्थांची भांडणे पचवून ते जाडजूड झालेले आहे, आणि आपल्यासारखी फजिती आपलीच पहिली नाही हे त्यातून कळते.

त्यात दोन प्रकारची मते वेगळी धरली आहेत, आणि आपल्याकडे नेमका तिथेच गोंधळ होतो. पात्र सभासदाने दिलेले पण बाद ठरलेले मत हा एक प्रकार. नाव लागत नाही, ओळख न पटणाऱ्या किंवा पदाला अपात्र असलेल्या माणसाचे नाव लिहिले आहे, दोन भरलेल्या मतपत्रिका एकात एक घडी घालून टाकल्या आहेत, अशी मते. ती कुणाच्याही खात्यात जात नाहीत, पण एकूण पडलेल्या मतांत मोजली जातात, कारण एका पात्र सभासदाने मत देण्याचा प्रयत्न केलेला असतो. बहुमत त्या एकूण आकड्यावर काढायचे. कोरी मतपत्रिका मात्र रद्दी कागदासारखी; ती कुठेच मोजायची नाही. दुसरा प्रकार अपात्र माणसाच्या मताचा. ते ओळखू येत असेल तर एकूण मतांतूनही काढून टाकायचे, जणू पडलेच नाही. आपण ती न लागणारी मतपत्रिका फेकून दिली आणि अपात्रांच्या मतांवर वजाबाकी करत बसलो. म्हणजे जे मोजायचे ते सोडले आणि ज्याला हात लावायचा नव्हता त्याला लावला.

अपात्र मत ओळखू येते कधी? हात वर करून मतदान झाले असेल तर येते. नाव पुकारून झाले असेल तर येते. टपालाने आलेल्या मतपत्रिकेच्या बाहेरच्या लखोट्यावर सही असते. लखोटा उघडायच्या आत लक्षात आले तर तो तसाच बाजूला ठेवता येतो. एकदा का मतपत्रिका पेटीत पडून बाकीच्यांत मिसळली, की ती ओळखायचा कोणताही प्रामाणिक मार्ग उरत नाही.

तेव्हा एकच प्रश्न विचारायचा: ही मते इकडची तिकडे धरली तर निकाल बदलण्याची काही तरी शक्यता आहे का? शक्यता असेल तर ते मतदान रद्द, त्या पदापुरते पुन्हा मतदान. शक्यता नसेल तर निकाल कायम, चूक इतिवृत्तात नोंदवायची आणि पुढच्या कामाला लागायचे. तुमच्या मसुद्यात हा प्रश्नच नाही. मला खटकते ते एवढेच.

चिटणीसपदाचेच घ्या. एकूण मते ११९, बहुमताला ६० लागतात, विजेत्याला ६१. चारही अपात्र मते विजेत्याची होती असे धरले तर उरतात ११५, त्यात ५७ विरुद्ध ५७ आणि एक न लागणारे. बहुमत कुणालाच नाही. चार नाही, तीनच त्याची होती आणि चौथी एक कोरी होती असे धरा. मग ११६ पैकी ५८, म्हणजे बरोबर निम्मी, आणि निम्मे म्हणजे बहुमत नव्हे. असे होणे फारसे संभवत नाही, हे मलाही कळते. पण प्रश्न संभव किती याचा नाही. शक्यता आहे का, एवढाच आहे. आहे. म्हणून चिटणीसपदाचे मतदान पुन्हा घ्यायला हवे होते.

खजिनदारपदाला ८६ विरुद्ध ३० असा निकाल होता, पाच कोऱ्या. चारही मते विजेत्याची धरून काढली तरी ११२ पैकी ८२. इथे चार नाही, चाळीस अपात्र मते निघाली असती तरी खजिनदार तेच राहिले असते: ७६ पैकी ४६. तुमच्या नव्या कलमाने मात्र हीसुद्धा निवडणूक रद्द झाली असती. कशासाठी? मत देणाऱ्यांपैकी जवळपास तीनचतुर्थांश सभासदांनी दिलेला स्पष्ट कौल चार जणांच्या चुकीपायी, खरे तर एका जुन्या झेरॉक्सपायी, फेकून का द्यायचा?

आणि आता जरा वाईट विचार करू. तो नियम लिहिणाऱ्यांनी करायचाच असतो. समजा मला माझा उमेदवार पडणार हे आदल्या दिवशीच दिसते आहे. तुमचे कलम लागू आहे. मला फक्त एक सहयोगी सभासद गाठायचा, त्याला गर्दीच्या वेळी सही करून मतपत्रिका घ्यायला लावायची आणि मोजणी संपता संपता उभे राहून हरकत घ्यायची. अख्खी निवडणूक रद्द. पुढच्या वेळी पुन्हा तेच. हरणाऱ्याच्या हातात इतके स्वस्त हत्यार आपण कलम म्हणून छापून देतो आहोत. 'निकालावर परिणाम' ही अट घातली की हे हत्यार बोथट होते, कारण मग निवडणूक उधळायला निकाल फिरवण्याइतकी माणसे आत घुसवावी लागतील, आणि तेवढी दारावर दिसतातच.

आपल्या देशाचा निवडणूक कायदाही याच वाटेने जातो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १०० मध्ये, अयोग्य मत स्वीकारले गेले किंवा रद्द मत मोजले गेले हे निवडणूक रद्द करण्याचे कारण आहे, पण विजयी उमेदवाराच्या निकालावर त्याचा खरोखर परिणाम झाला असेल तरच. लाखो मतांच्या निवडणुकीला ही अट पुरते, तर आपल्या १२१ मतपत्रिकांना न पुरायला काय झाले?

समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मला तोंडी सांगितले, की संसदेतही निकालानंतर काही उकरून काढत नाहीत, म्हणून दुसरे कलम घातले. त्यांचा रोख राज्यघटनेच्या अनुच्छेद १०० (२) कडे असावा. त्यात आहे ते असे: सभागृहातली एखादी जागा रिकामी असली तरी सभागृहाला काम करता येते, आणि बसण्याचा किंवा मत देण्याचा हक्क नसलेल्या कुणी भाग घेतला होता असे नंतर उघडकीस आले तरी कामकाज वैध राहते. राज्यांच्या विधिमंडळांसाठी हेच अनुच्छेद १८९ (२) मध्ये आहे. मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. संसदेने केलेला कायदा दुसऱ्या दिवसापासून कोट्यवधी लोकांच्या अंगावर येतो. त्यावर खटले, कर, नेमणुका उभ्या राहतात. दोन वर्षांनी एक खासदार अपात्र होता असे निघाले म्हणून तो सगळा डोलारा पाडता येत नाही. शिवाय तिथे सभासद काही शेकडा, प्रत्येक जण ओळखीचा, मतविभाजन झाले तर कुणी कुठे मत दिले याची नोंद होते. आणि राज्यघटनेने अपात्राला मोकळेही सोडलेले नाही. शपथ घेण्याआधी किंवा आपण पात्र नाही हे माहीत असताना जो बसेल किंवा मत देईल, त्याला अनुच्छेद १०४ प्रमाणे दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. (ब्रिटनमध्ये १८६६ च्या शपथविषयक कायद्यात शपथ न घेता बसून मत देणाऱ्या खासदाराला ५०० पौंड दंड आहे आणि वर त्याची जागाही रिकामी होते. आपल्याकडे आकडा तोच दिसतो, चलन तेवढे बदलले.)

आपण एका चिटणिसाची निवड करतो. ती पुन्हा केली तर आभाळ कोसळत नाही. अनुच्छेद १०० (२) आपल्या कामाचा आहे, पण दुसऱ्या जागी: मधल्या काळात चिटणिसांनी केलेल्या सह्या, पत्रव्यवहार, करार टिकावेत म्हणून. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १७६ मध्ये तशीच सोय आहे. संचालकाच्या नेमणुकीत दोष होता असे नंतर कळले तरी त्याने आधी केलेली कामे त्या कारणाने अवैध होत नाहीत. मात्र दोष कंपनीच्या लक्षात आल्यावर केलेल्या कामांना हे संरक्षण नाही. असे एक वाक्य मसुद्यात घाला, मी पहिला हात वर करीन.

संसदेचाच विषय निघाला म्हणून एक जुनी आठवण. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने पडला. त्या दिवशी विरोधात मत देणाऱ्यांत गिरिधर गमांग होते. ते दोनच महिन्यांपूर्वी ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते आणि लोकसभेचा राजीनामा त्यांनी दिलेला नव्हता. लोकसभा अध्यक्ष बालयोगी यांनी मत द्यायचे की नाही हे त्यांच्या सदसद्विवेकावर सोडले. त्यावर आजही तावातावाने वाद होतात, पण ते अपात्र होते असे म्हणता येत नाही. मुख्यमंत्र्याला विधिमंडळाचे सभासद व्हायला सहा महिने मिळतात आणि तोवर त्यांची खासदारकी शाबूत होती. मत द्यावे की नाही हा औचित्याचा प्रश्न होता. देता येते की नाही हा पात्रतेचा. आपल्या सभांत हे दोन्ही सर्रास एकात एक मिसळतात. थकबाकीदाराने मत द्यावे का, ज्याचा भाऊ उभा आहे त्याने द्यावे का, हे त्याने स्वतःला विचारावे. मोजणारा ते विचारू शकत नाही. आणि आकड्यांचा भाग बघा: ते एक मत वगळले असते तर २६९ विरुद्ध २६९, आणि राज्यघटनेप्रमाणे लोकसभा अध्यक्षांचे निर्णायक मत. म्हणजे ते खरोखर अपात्र मत असते, तर निकाल बदलण्याची शक्यता नक्कीच होती.

पात्रता कोणत्या क्षणाची पाहायची, हाही प्रश्न तुमच्या मसुद्यात सुटलेला नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा अगदी नेमका निकाल आहे. २३ मार्च २०१८ रोजी राज्यसभेच्या निवडणुकीत झारखंडच्या एका आमदाराने सकाळी सव्वानऊला मत दिले. त्याच दिवशी दुपारी अडीचला न्यायालयाने त्याला दोषी ठरवून दोन वर्षांची शिक्षा दिली. दोन वर्षांची शिक्षा झाली की आमदारकी जाते. हरलेल्या उमेदवाराचे म्हणणे, अपात्रता त्या तारखेपासून, आणि तारीख मध्यरात्री सुरू होते, म्हणून सकाळचे मतही बाद. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२० च्या निकालात ते मानले नाही. मत दिले त्या क्षणी तो आमदार होता, मत वैध. आपल्या चौथ्या माणसाचा राजीनामा सभेच्या महिनाभर आधी मंजूर झालेला होता, त्यामुळे त्याच्याबाबत शंका नाही. पण उद्या सभा चालू असताना, मतदान झाल्यावर आणि मोजणीच्या आधी, कुणी रागाने राजीनामा भिरकावला तर? त्याचे मत मोजायचे. पात्रता मत टाकतानाची.

आता दुसऱ्या कलमाकडे, म्हणजे उशिरा आलेल्या हरकतीकडे. मोजणीत बेरीज चुकली, हात पुन्हा मोजा, अशा हरकती लगेच घ्यायच्या असतात हे बरोबरच आहे. पण सभासद नसलेल्यांची मते निकाल फिरवण्याइतकी असतील तर ती वेगळी गोष्ट आहे. मताचा हक्क सभासदांचाच, हे सभेच्या कायद्यातले मूळ तत्त्व तिथे मोडलेले असते, आणि त्या निकालाचा अंमल चालू आहे तोवर तो भंगही चालूच असतो. म्हणून रॉबर्टच्या नियमांत अशी हरकत निकाल जाहीर झाला म्हणून बाद होत नाही. तुम्हाला अनिश्चित काळ टांगती तलवार नको असेल तर मुदत घाला, साठ दिवस घाला, आणि तोवर मतपत्रिका लखोट्यात मोहोरबंद करून ठेवा. आपल्या मतपत्रिका सभेच्या दुसऱ्या दिवशी फाडून टाकण्यात आल्या.

हरकतीचा निर्णय कुणी करायचा, तेही लिहा. मोजणाऱ्यांनी नव्हे. आम्ही तिघांनी फक्त सांगायला हवे होते, की एवढ्या मतपत्रिका, एवढी मते, आणि एवढ्यांच्या पात्रतेबद्दल शंका. अध्यक्षांनी निर्णय द्यावा, तो पटला नाही तर सभेकडे अपील. शेवटी मतदानाचा न्याय करणारी सभाच. त्या दिवशी अध्यक्षांनी सभेला विचारले असते, तर मला खात्री आहे, मागच्या रांगेतून कुणी तरी 'पुन्हा मतदान घ्या' म्हणाले असते आणि अर्ध्या तासात प्रकरण मिटले असते. सगळे मतदार तिथेच बसलेले होते.

उलट बाजूही त्याच कलमात घ्या: पात्र सभासदाला दारावरून परत पाठवले गेले तर. कसोटी तीच. त्याच्या मताने निकाल बदलू शकत असेल तर मतदान पुन्हा.

आता ज्यासाठी मी खरे तर पत्र लिहायला बसलो ते. त्याच सभेत, त्याच मतपेटीतून, कार्यकारिणीची मुदत दोन वर्षांवरून तीन करण्याची घटनादुरुस्तीही मंजूर झाली. ८० विरुद्ध ३९, दोन कोऱ्या. फरक ४१ मतांचा, त्यामुळे चार अपात्र मतांचा विचार तिथे कुणाच्या मनातही आला नाही. माझ्याही नाही. पण घटनादुरुस्तीला साधे बहुमत चालत नाही, दोन-तृतीयांश लागते. ११९ चे दोन-तृतीयांश म्हणजे ७९ आणि वर एक-तृतीयांश. ८० मते, ठराव मंजूर, जेमतेम. चारही अपात्र मते ठरावाच्या बाजूची धरून काढा: ११५ पैकी ७६. लागतात ७७. ठराव नामंजूर. एकेचाळीस मतांची आघाडी होती, आणि तरी चार मतांनी निकाल फिरू शकतो. मी कागदावर तीन वेळा मांडून पाहिले. पहिला आणि दुसरा यांच्यातला फरक पाहून 'काही होत नाही' म्हणायची आपल्याला सवय आहे. फरक पाहायचा तो उंबरठ्याशी. तीन उमेदवार असले तर हेच उलट्या अंगानेही होते. ११९ पैकी ५९ मते घेणाऱ्याला बहुमत नाही म्हणून दुसरी फेरी घ्यायची वेळ येते, पण इतरांच्या खात्यातली चार अपात्र मते गेली तर ११५ पैकी ५९ हे स्पष्ट बहुमत असते. म्हणून कलमात 'विजयी मताधिक्यावर परिणाम' असे लिहू नका, 'निकालावर परिणाम' असेच लिहा.

मी सुचवतो ते कलम असे: 'अपात्र व्यक्तीचे मत ओळखता येत असल्यास ते एकूण मतांतून वगळावे. ओळखता येत नसल्यास, आणि अशा मतांमुळे निकाल बदलण्याची शक्यता असल्यास, त्या पदाचे अथवा ठरावाचे मतदान रद्द करून पुन्हा घ्यावे. अन्यथा निकाल कायम राहील. कोणाही व्यक्तीस तिने गुप्त मतदानात दिलेले मत विचारू नये.' शब्द तुमचे चांगले असतील तर तुमचे घ्या.

मतदारयादीबद्दल लिहीत बसत नाही. सभेच्या आदल्या दिवशीपर्यंतची ताजी यादी दारावर असावी आणि सहयोगी सभासदांना वेगळ्या रंगाचे हजेरीपत्र द्यावे, एवढे केले तरी या पत्रातले निम्मे प्रसंग उद्भवणार नाहीत. त्या तरुणावर नंतर काही जण चिडले, तेही योग्य नव्हते. त्याने टिंबे दिली म्हणून निदान आकडा तरी कळला.

चिटणीसपद आणि मुदतवाढीची घटनादुरुस्ती, या दोन मतदानांवर माझी औपचारिक हरकत मी या पत्रासोबत अध्यक्षांकडे देत आहे. खजिनदारांच्या निवडीवर माझी काही हरकत नाही. दोन्ही विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर, तुमच्या मसुद्याच्या आधी, घ्यावेत. मोजणीला मला बसवू नये. दोन्ही ठरावांवर आता माझे मत सगळ्यांना ठाऊक झाले आहे.

आपला,
गेल्या सभेत मतमोजणी करणाऱ्या तिघांपैकी एक